मीटर पेटलं म्हणजे हेडलाईट लागली असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे-बेंगलोर हायवेवर दिवस मावळल्यावर कुठल्याही पुलावर थोडा वेळ थांबून खाली बघितलं तर दोन प्रकारच्या गाड्या हमखास दिसतात. एक म्हणजे पुढे पांढरी डीआरएलची, म्हणजे गाडी चालू केली की दिवसा पण आपोआप लागणाऱ्या दिव्याची, पट्टी चकाकतेय पण मागे टेल लॅम्प बंद, मागून बघणाऱ्याला अख्खी गाडी काळोखात. दुसरी म्हणजे एकच हेडलाईट चालू असलेली, लांबून मोटरसायकल वाटावी अशी. या गाड्या चालवणारी माणसं बेफिकीर असतात असं लोक म्हणतात पण मला ते पटत नाही. बहुतेकांना आपली लाईट बंद आहे हे माहीतच नसतं, कारण समोरचा डॅशबोर्ड त्यांना ते सांगत नाही. मी कराडला हायवेलगत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, वायरिंग, हेडलाईट, मीटर हेच दिवसभर हातात असतं म्हणून हे पत्र लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, गाडीच्या मीटरने हेडलाईटबद्दल ड्रायव्हरला खरं काय ते सांगितलं पाहिजे आणि ते प्रत्येक गाडीत सक्तीचं पाहिजे, टॉप मॉडेलचं फीचर म्हणून नको.

आधी डीआरएलचं बघू. जुन्या गाड्यांत, मारुती 800 घ्या नाहीतर सुमो घ्या, मीटरच्या मागचे बल्ब पार्किंगच्या स्विचवर चालायचे. स्विच फिरवला नाही तर मीटर अंधारात, काटा नीट दिसायचाच नाही, त्यामुळे अंधार पडला की माणसाचा हात आपोआप स्विचकडे जायचा. मीटरमधला तो अंधार हीच वॉर्निंग होती, वेगळा दिवा लागत नव्हता. आता बटण दाबून गाडी चालू केली की मीटर पेटतं, भर दुपारी पण पेटलेलंच असतं, कारण बरीच मीटर आता स्क्रीनचीच आलीत. त्यात पुढे डीआरएल एवढी तेज की गावातल्या रस्त्याला, स्ट्रीट लाईटच्या उजेडात, आपली लाईट चालू आहे असंच वाटतं. मीटर पेटलंय, पुढे उजेड दिसतोय, मग ड्रायव्हर स्विचला हात लावेल कशाला? आणि नुसत्या डीआरएलवर बऱ्याच गाड्यांचा मागचा टेल लॅम्प लागतच नाही, ती फक्त पुढून दिसण्यासाठी दिलेली असते.

परवा एक पोरगा नवी गाडी घेऊन हॉर्नच्या कामाला आला, चांगला अंधार पडलेला, मी मागून बघतोय तर मागे काहीच नाही. म्हटलं दादा, हायवेनं लाईट लावून आलास ना? तर म्हणतो, हो की काका, चालूच आहे, मीटर बघा की. त्याला खाली उतरवून मागे नेलं आणि दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, उंब्रजपासून तो तसाच आला होता, ट्रक आणि एसटीच्या पुढून. पोरगं हुशार आहे, इंजिनिअरिंग झालेलं आहे, दारू नाही, मोबाईल नाही. त्याने मीटरवर विश्वास ठेवला एवढंच.

कंपनीवाले म्हणतील की मीटरमधे हिरवा दिवा दिलाय ना. दिलाय, बरोबर आहे. लाईट लागली की हिरवी खूण लागते, डिपरच्या, म्हणजे खाली घेतलेल्या लाईटच्या, खुणेत उजेडाच्या रेघा खाली झुकलेल्या असतात, पार्किंगची खूण वेगळी. पण म्हणजे लाईट बंद असली तर ड्रायव्हरने काय ओळखायचं, तर मीटरच्या कोपऱ्यात एक बारका हिरवा दिवा लागलेला नाहीये हे ओळखायचं. न लागलेला दिवा कोणाला दिसतो का हो? वॉर्निंग ही चुकलं की पेटायला पाहिजे, बरोबर असलं की पेटणारी खूण ही वॉर्निंग होत नाही. ऑइल प्रेशर कमी झालं की लाल दिवा पेटतो, हँडब्रेक राहिला की लाल दिवा पेटतो, पेट्रोल संपत आलं की पिवळा. हेडलाईटलाच उलटा नियम का?

आणखी एक गोष्ट मला कायम खटकते. हेडलाईट चालू ठेवून गाडी बंद केली आणि दार उघडलं की बऱ्याच गाड्यांत बीप वाजतो, बॅटरी उतरू नये म्हणून. म्हणजे लाईट स्विचची माहिती गाडीला आहे, बझर आहे, वायर आहे, सगळं आहे. पण रात्री आठ वाजता 80 च्या स्पीडने विनालाईट जाणाऱ्या माणसासाठी तोच बझर गप्प बसतो. बॅटरी उतरली तर धक्का मारता येतो, जंप केबल लावता येते, इथे तर जिवाचा प्रश्न आहे.

हा प्रॉब्लेम फक्त आपल्याकडे आहे असं नाही. कॅनडात 1990 च्या आसपासच नव्या गाड्यांना डीआरएल सक्तीची झाली आणि तिथे हेच सुरू झालं, पुढे उजेड, मागे काळोख, मीटर पेटलेलं. तिथले लोक अशा गाड्यांना फँटम म्हणजे भुताच्या गाड्या म्हणायला लागले. मग तिथल्या सरकारने नियम केला की सप्टेंबर 2021 पासून विकायच्या नव्या गाडीत तीनपैकी एक गोष्ट असलीच पाहिजे, एक तर डीआरएलबरोबर टेल लॅम्प पण लागला पाहिजे, नाहीतर अंधार झाला की हेडलाईट आणि टेल लॅम्प आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर मग ड्रायव्हरसमोरचं मीटर अंधारातच राहिलं पाहिजे म्हणजे त्याला कळेल की लाईट लावायची आहे. ही तिसरी सोय म्हणजे आपल्या मारुती 800 मधली जुनीच पद्धत, तिला पैसा लागत नाही.

ऑटो हेडलॅम्प असलेल्या गाड्यांत हा प्रश्न सुटला असं समजू नका. त्याचा सेन्सर काचेच्या आतल्या बाजूला असतो आणि तो फक्त उजेड मोजतो. जुलैमधे भर दुपारी खंबाटकीत नाहीतर आंबा घाटात असा पाऊस लागतो की पुढची गाडी दिसत नाही, पण ढगातून उजेड पुरेसा येत असतो म्हणून सेन्सरच्या मते दिवस आहे आणि लाईट लागत नाही. धुक्याचं पण तेच, आंबोलीला सकाळी नऊ वाजता पांढरं धुकं असतं, सेन्सरला ते झकास उजेडच वाटतं. तेव्हा ऑटोवर स्विच ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांनी पाऊस-धुक्यात हाताने डिपर लावावी, टेल लॅम्प त्याच्याबरोबर लागतो.

आता दुसऱ्या गाडीकडे येतो, एका डोळ्याच्या. माझ्या मते ही जास्त घातक आहे.

साध्या हॅलोजन गाड्यांत बहुतेक वेळा एच4 बल्ब असतो, 60/55 वॉटचा, एकाच काचेत दोन फिलामेंट, 55 ची डिपरला आणि 60 ची अप्परला. शहरात आपण डिपरच वापरतो म्हणून डिपरची फिलामेंट आधी उडते. ती उडाली तर मीटरमधे काय दिसतं? काहीच नाही. हिरवा दिवा आहे तसा लागतो कारण तो स्विच कुठल्या पोझिशनला आहे ते सांगतो, पुढे बल्ब पेटलाय का नाही ते त्याला माहीत नाही. अप्परच्या निळ्या दिव्याचं पण तसंच. साध्या वायरिंगमधे निळ्या दिव्याची वायर अप्परच्या सप्लायवरूनच काढलेली असते, सप्लाय आला की तो पेटणार, मग पुढचे दोन्ही बल्ब काढून तुम्ही टेबलावर ठेवलेले असले तरी. हे मी गिऱ्हाईकाला कपलर काढून करून दाखवतो तेव्हा त्याचा विश्वास बसतो.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. उजवा बल्ब गेला तर समोरून येणाऱ्याला फक्त डावी लाईट दिसते, म्हणजे रस्त्याच्या कडेची. त्याला वाटतं मोटरसायकल आहे, कडेने चाललीय, मधे भरपूर जागा आहे. तो ओव्हरटेकला बाहेर पडतो किंवा मधल्या रेषेकडे सरकतो आणि तिथे तर आपल्या गाडीची अर्धी बॉडी अंधारात येत असते. त्यात 1 एप्रिल 2017 पासून नव्या टू व्हीलरना हेडलाईट कायम चालू ठेवायचा नियम आला, तो चांगलाच आहे, पण त्यामुळे एक लाईट म्हणजे टू व्हीलर हे आपल्या डोळ्यांना आणखी पक्कं बसलंय. डावा बल्ब गेला तर वेगळीच गोष्ट, डिपरचा उजेड मुद्दाम डावीकडे थोडा वर आणि लांब टाकलेला असतो, कडेने चालणारी माणसं, सायकलवाला दिसावा म्हणून. तोच गेला तर कडा पूर्ण काळी.

आणि आमच्या भागात कडेला काय काय असतं ते इथलेच लोक जाणतात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, मागे ना टेल लॅम्प ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबतोय. बैलगाड्या पण असतात. 80 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. डिपरचा कामाचा उजेड पन्नासएक मीटरच्या पुढे फारसा मिळत नाही, म्हणजे दोन्ही बल्ब ठणठणीत असताना हातात दोन-सव्वादोन सेकंद. त्यातला एक बल्ब गेलेला असेल तर हिशोब तुम्हीच करा. ट्रॉलीवाल्यांना रिफ्लेक्टर लावायला सांगितलंच पाहिजे, त्यावर आपल्या पेपरने लिहिलंय आणि लिहीत राहावं, पण गाडीवाल्याची लाईट धड आहे का हे पण कोणीतरी विचारायला हवं.

गंमत म्हणून नाही, खरोखर विचार करण्यासारखं आहे की इंडिकेटरचा बल्ब गेला तर प्रत्येक माणसाला कळतं. टिकटिक एकदम भरभर होते, मीटरमधला बाण फडफडतो, बायामाणसं, म्हातारी माणसं, सगळे येऊन सांगतात की इंडिकेटर फास्ट झालाय बघा जरा. जुन्या फ्लॅशरमधे लोड कमी झाला की तो आपोआपच भरभर चालायचा, आताच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक असला तरी मुद्दाम तसंच ठेवलंय. 21 वॉटच्या बल्बसाठी ही सोय आहे आणि 55 वॉटच्या हेडलाईटसाठी नाही.

तंत्र अवघड आहे म्हणावं तर तसं पण नाही. 55 वॉटचा बल्ब 12 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. वायरमधे एक छोटा रेझिस्टन्स टाकून तो करंट बघायचा, स्विच चालू आहे आणि करंट नाही म्हणजे फिलामेंट तुटली, की पिवळा दिवा लावायचा. भारीतल्या युरोपियन गाड्यांत हे कितीतरी वर्षांपासून आहे, बल्बचं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह, पिवळ्या रंगात. आता तर आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत पण लाईट थेट स्विचवर चालत नाहीत, बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे लाईट वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधून चालतात, म्हणजे करंट बघायची जागा तिथे तयारच आहे. मग हे सगळ्या गाड्यांना का मिळू नये? अॅलॉय व्हील, सनरूफ पैसे देऊन घ्यावेत, ज्याची त्याची हौस आहे, पण आपला बल्ब उडालाय हे कळण्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजून वरचं मॉडेल घ्यावं लागू नये.

इथे एक गोष्ट गाडीमालकांना पण सांगायची आहे. ज्यांच्या गाडीत ही सोय आहे ते बाहेरून एलईडी किट टाकून ती घालवून बसतात. एलईडी कमी करंट घेते, गाडीला वाटतं बल्ब गेला, मीटरमधे पिवळा दिवा लागतो. मग गिऱ्हाईक म्हणतं तो दिवा घालवा. बाजारात कॅनबस डिकोडर म्हणून मिळतो तो लावला की गाडीला खोटा लोड दिसतो आणि दिवा जातो. काहींच्यात तर नुसता रेझिस्टन्स असतो, तो तापतो, प्लास्टिकला चिकटला की वितळवतो. पुढे खरंच एलईडी बंद पडली तर गाडीला कदाचित कळणारच नाही, कारण डिकोडर तिला सगळं ठीक आहे असंच दाखवत राहतो. शिवाय हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधे एलईडी टाकली की फोकस फाटतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो ते वेगळंच. मी हे काम आता घेत नाही, दोनशे-अडीचशेचा चांगल्या कंपनीचा हॅलोजन टाका, दोन्ही बाजूला जोडीने टाका कारण एक उडाला की दुसरा पण त्याच वयाचा असतो, असं सांगतो. काहीजण रागावून पुढच्या दुकानात जातात, जाऊ देत.

मीटर कधी कधी खुणेने सांगतं पण ते ओळखता यायला हवं. उदाहरणार्थ डिपरवर गाडी चालू आहे आणि निळा दिवा अगदी मंद, मिणमिण पेटतोय, पूर्ण नाही. लोक म्हणतात स्विच खराब झालाय, स्विच बदलतात, फरक पडत नाही. बऱ्याच वेळा तो हेडलाईटच्या अर्थिंगचा लोचा असतो. अर्थ तुटला किंवा गंजला की डिपरचा करंट परत जायला वाट शोधतो, तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि अप्परच्या लाईनवरचा निळा दिवा मंद पेटवतो. बाहेर येऊन बघितलं तर त्या बाजूची लाईट पिवळट, मेलेली दिसते. पावसाळ्यानंतर अशा गाड्या खूप येतात. अर्थचा बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून, परत घट्ट केला की काम झालं, पार्ट लागत नाही. तेव्हा मंद निळा दिवा दिसला तर दुर्लक्ष करू नका.

निळ्या दिव्यावरून अप्परबद्दल पण दोन शब्द. हेडलाईटच्या खुणांत निळा रंग फक्त अप्परसाठी राखलेला आहे, जगभर तसंच आहे, आणि त्याचा अर्थ असा की तुमची लाईट समोरच्याला त्रास देऊ शकते, गाडी दिसली की खाली घ्या. प्रत्येक ट्रकच्या मागे यूज डिपर अॅट नाइट लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधे 106 नंबरचा नियमच आहे की पुढची लाईट समोरच्याचे डोळे दिपवणारी नको. पण नवीन मीटरमधे तो निळा दिवा स्क्रीनच्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात बसवलाय, मधे गाण्याचं नाव आणि मॅप. ड्रायव्हर टोलनाक्यापासून पुढच्या टोलनाक्यापर्यंत अप्परवर जातो आणि त्याला कळत नाही. जी खूण दुसऱ्याच्या जिवासाठी आहे ती गाण्याच्या नावापेक्षा मोठी दिसावी ही अपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही.

सरकारला जमत नाही असं पण म्हणता येणार नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत सीटबेल्टचा बीप, ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्सचा सेन्सर आणि स्पीडची वॉर्निंग सक्तीची केली, 80 च्या वर गेलं की मधून मधून बीप आणि 120 च्या वर सलग. सुरुवातीला लोक वैतागले, आता सवय झाली, सीटबेल्ट लावणारे वाढलेत हे मी रोज बघतो. त्याच धर्तीवर रस्ते वाहतूक मंत्रालयाने दोन गोष्टी नव्या गाड्यांना सक्तीच्या कराव्यात. अंधारात गाडी चालू आहे आणि हेडलाईट बंद आहे तर बीप आणि मीटरवर मोठी खूण, शक्य असेल तर लाईट आपोआपच लागावी, टेल लॅम्पसकट. आणि हेडलाईट किंवा टेल लॅम्पचा बल्ब गेला तर पिवळा दिवा, सगळ्यात स्वस्त मॉडेलला पण. गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय संस्था आपल्या पुण्यातच आहे, कोथरूडला, वाहन उद्योग पण चाकण आणि पिंपरीत आहे, तेव्हा हा विषय महाराष्ट्रातून लावून धरायला हरकत नाही.

रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांचं काय, तर खाजगी गाडीला आरटीओ रजिस्ट्रेशनची 15 वर्षं होईपर्यंत परत बोलवत नाही, तोपर्यंत तिची लाईट कोणी बघत नाही. पण पीयूसीला तर प्रत्येक गाडी जाते, बीएस-4 आणि बीएस-6 ला वर्षातून एकदा. तिथे धूर तपासतानाच डिपर, अप्पर, टेल लॅम्प, ब्रेक लाईट लावून बघितली तर दोन मिनिटांचं काम आहे, बल्ब गेलेला असेल तर तो बदलून आल्यावरच सर्टिफिकेट द्यावं. परिवहन खात्याने मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पण पहिल्या दिवशी क्लच-ब्रेकच्या आधी मीटरमधल्या खुणा शिकवाव्यात.

तोपर्यंत वाचकांनी एवढं करावं. रात्री गाडी घराच्या भिंतीसमोर किंवा दुकानाच्या शटरसमोर उभी करून डिपर लावा, भिंतीवर दोन गोळे पडले पाहिजेत आणि दोन्ही एका उंचीला पाहिजेत. सिग्नलला पुढच्या गाडीच्या डिकीवर आपल्या दोन्ही लाईट दिसतात का बघा. टेल लॅम्पसाठी घरातल्या कोणाला तरी मागे उभं करा आणि मग ब्रेक दाबा. रस्त्यात कोणी लाईट मारून किंवा हात हलवून खुणावत असेल तर तो भांडायला आलेला नाही, आधी आपला लाईटचा स्विच बघा.

आणि आपल्याला एक विनंती, रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या पानावर नवीन मॉडेलचे फोटो येतात त्याच्याशेजारी एकदा या चार खुणा रंगात छापा, हिरवी डिपर, निळी अप्पर, पिवळी बल्बची आणि पिवळी मागच्या फॉग लॅम्पची. कापून दुकानात लावायला मी पहिला तयार आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन वाचक
कराड, जि. सातारा